कुंकवाखालचं साल

मी एक पोथी बोलतेय. जन्म जर्मन मुलखातला, पण पंच्याऐंशीच्या वर वर्षं झाली, आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका मराठी घरच्या देवघरात राहते.

माझं वय विचारू नका. लपवते असं नाही, मलाच ठाऊक नाही. माझ्या पोटात काय आहे ते मला तोंडपाठ आहे, कारण तिकडे दर रविवारी कोणी ना कोणी ते मोठ्यानं वाचायचं. पण पहिल्या पानाच्या तळाला साल छापलेलं असतं, ते कोण मोठ्यानं वाचतं? तुम्ही तरी पुस्तक उघडून घरच्यांना आधी साल वाचून दाखवलंय का कधी? माझ्या कानावर ते कधी पडलंच नाही. आणि आज त्या चार आकड्यांवर माझा जीव टांगलाय.

जन्म आठवतो. लोकांच्या जुन्या सदऱ्यांच्या, चादरींच्या चिंध्या कुजवून, कुटून माझा कागद झाला. शिशाची अक्षरं होती, काजळी आणि जवसाच्या तेलाची शाई होती. दोन माणसं दांडा ओढायची आणि अक्षरं कागदात रुतायची. अशी रुतायची की पानाच्या पाठीवरही वळ उठायचे. मग लाकडाच्या फळ्या, वर वासराचं कातडं, दोन पितळी कड्या. बाळंतपण असंच असतं, दुखतं, पण नंतर चीज वाटतं.

एका शेतकऱ्याच्या घरी मी नांदले. रविवारची प्रार्थना, आजारपणातली प्रार्थना, गारपिटीची प्रार्थना, सगळ्याला मीच. घरात मूल जन्मलं की माझ्या शेवटच्या कोऱ्या पानांवर त्याचं नाव लिहायचे, गेलं की पुढे एक छोटी फुली करायचे. फुल्या फार होत्या.

त्याच घरचा एक मुलगा कापसाच्या यंत्रांचा जाणकार झाला. आदिलाबादच्या एका जिनिंगमधे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, रुईच्या गाठी बांधायचं नवं यंत्र बसवायला तो निजामाच्या राज्यात आला. म्हाताऱ्या आईनं मला त्याच्या पेटीत घातलं. त्याचं नाव हॉफमन, वय पन्नाशीच्या घरात. इथल्या लोकांनी त्याचा हापमन सायब केला. त्याच्या हाताखाली मारोतराव नावाचा फिटर होता, तीस एक वर्षांचा. सायबाला मराठी येईना, मारोतरावाला जर्मन येईना; दोघं मोडक्या हिंदुस्थानीत भांडायचे आणि एका डब्यात जेवायचे.

मग तिकडे लढाई लागली. जर्मन माणूस म्हणजे इंग्रजांचा दुश्मन. एका सकाळी शिपाई आले. सायबाला पाच मिनिटं दिली. त्यानं कपडे घेतले नाहीत, मला घेतलं आणि मारोतरावाच्या हातात दिलं.

"मारोती, ये अमानत. मैं आएगा."

अमानत! त्या काळी कचेरीत, बाजारात तो शब्द ज्याला त्याला कळायचा. दुसऱ्याची वस्तू, तो परत येईपर्यंत आपल्याकडे. वापरायची नाही, विकायची नाही, हरवायची नाही. मारोतरावानं मान हलवली. सायबाला घेऊन गाडी गेली, ती गेलीच.

मारोतरावानं घरी येऊन हात धुतले, पाटावर बसला आणि मला उघडलं. आणि तिथंच माझी दशा फिरली. त्यानं मला उलटं धरलं.

त्याला हसू नका. त्याचा दोष नव्हता. उलटं धरलं की मी उजव्या अंगाला बांधलेली दिसते आणि डावीकडून उजवीकडे उघडते. निजामाच्या राज्यातला माणूस तो, सगळे सरकारी कागद, उर्दूची किताबं तशीच उघडताना बघितलेली. त्याला त्यात वावगं ते काय वाटणार? शिवाय माझ्या पहिल्या पानावर छापणाऱ्यानं एक नक्षी टाकली होती, वर रुंद आणि खाली निमुळती होत टोकाला आलेली. उलटं धरल्यावर तेच टोक वर गेलं, आणि नक्षीचं झालं देऊळ. शिखर, कळस, सगळं.

"हे पाय," तो बायकोला पान दाखवत म्हणाला, "त्यायच्यातही देऊळच असते."

"आन् हे वरतं काय लिवलं?"

"श्री असंल. पयल्या ओळीत दुसरं काय राह्यते?"

ती ओळ म्हणजे माझं साल. नक्षीच्या खाली, पानाच्या अगदी तळाला छापलेलं. आता ते सगळ्यात वर आलं होतं. बाईनं हळदीकुंकवाचं बोट बुडवलं आणि 'श्री'वर टेकवलं. मी ओरडून सांगत होते, अगं माय, तो देव नाही, तो माझा जन्म आहे! पण पोथीचं ओरडणं कोणाला ऐकू जातं.

पुढं मारोतरावानं जिनिंग सोडलं, नेरडीगोंड्याला मोठ्या रस्त्यावर किराणा दुकान टाकलं. मी लाल फडक्यात देवघरात गेले. दर दसऱ्याला मला उघडायचे. नव्या पाट्या, वजनकाटा, आणि मी. आधीचं वाळलेलं कुंकू नखानं हळूच खरवडायचं, म्हणजे नवं नीट बसतं, आणि नवं लावायचं. घरात कोणाला माझ्यातलं जुन्या काटेरी वळणाचं अक्षर कळत नव्हतं, इंग्रजी शिकलेल्यांनाही नाही, पण माझ्यासमोर कधी कोणी चप्पल घालून आलं नाही. पोथी कोणाची का असेना, पोथी ती पोथी.

देवकाबाई या घरात सून म्हणून आली तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती. मारोतरावाच्या मुलाची, अमृतरावाची बायको. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण अशी नजर, असा हात, की तांदळातला खडा न बघता वेचायची. मारोतरावानं मरायच्या आधी तिला जवळ बसवलं. मुलाला नाही, सुनेला.

"सायबाची अमानत हाय. कोनी आलं तं द्यायची. नाई आलं तं ठेवाची."

"ठेवतो, मामंजी," ती म्हणाली.

तिनं ठेवली. तिनंच साठ वर्षं मला कुंकू लावलं. एकदा पावसाळ्यात भिंतीतून वाळवी आली आणि माझी मागची आठ पानं खाऊन गेली. त्यातच त्या लेकरांची नावं होती, फुल्यांसकट. देवकाबाई ते चाळण झालेलं पान हातात घेऊन दिवसभर जेवली नाही. मग तिनं मला लोखंडी कपाटात ठेवायचा हट्ट धरला, तर नवरा म्हणाला, देव कपाटात ठेवतात का? मी देवघरातच राहिले.

आता अमृतराव नाही. दुकान मुलगा पाहतो, देवानंद. मागच्या वर्षी एका सकाळी त्याचं तोंड वाकडं झालं. चहा पिताना ओघळ गळ्यावर आला तरी त्याला कळेना. दवाखान्यानं बरं केलं, पण भीती काही बरी झाली नाही. कोणीतरी त्याला एका महाराजाकडे नेलं. महाराजानं विचारलं, घरात काही जीर्ण, भंगलेलं, परक्याचं पुजता का? देवानंदच्या डोळ्यापुढं मी आले.

"येत्या शनिवारी अमावस्या हाय," तो घरी येऊन म्हणाला. "पैनगंगेत सोडून देऊ. वाह्यत्या पान्यात. मानानं सोडू, आई, मी काई उकिरड्यावर फेकून नाई राह्यलो."

"दुसऱ्याची वस्तू तू कोन सोडनारा?"

"दुसरा हाय कुठं? पंच्याऐंशी वर्षं झाले! आला का तुहा हापमन?"

"तो नाई तं त्याचं कोनी येईन."

"कसं येईन? त्यायले सपन पडते का, नेरडीगोंड्यात देवकाबाईच्या घरी चाला म्हनून?"

याचं उत्तर सुनेनं काढलं. हर्षाली, देवानंदची बायको, शाळेत शिकवते. तिनं फोनवर माझे फोटो काढले, हापमन सायबाची हकिकत लिहिली आणि जुनी पुस्तकं ओळखणाऱ्या लोकांच्या कुठल्याशा मेळ्यात टाकले. फोनमधेच असतो म्हणे तो मेळा. मग मला पिशवीत घालून, सासूला सोबत घेऊन आदिलाबादला गेली, विनोदिनीबाईंकडे. या बाई वाचनालयातून निवृत्त झालेल्या. जुन्या पोथ्या, जुने दस्तऐवज यांचं त्यांना वेड.

विनोदिनीबाईंनी टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला, मला त्यावर ठेवलं आणि क्षणभर बघत राहिल्या. मग दोन्ही हातांनी मला उचललं आणि अलगद फिरवलं.

"देवकाबाई, राग मानू नका. ही आजवर उलटी धरली होती."

मी सांगते, त्या एका क्षणी माझ्या पाठीतली शिवण न् शिवण सैल झाली. इतक्या वर्षांनी डोकं वर!

"उलटी?" देवकाबाई म्हणाली. "आन् देऊळ?"

"देऊळ नाही. नक्षी आहे ती."

"आन् श्री?"

विनोदिनीबाईंनी भिंग धरलं. कुंकवाचा थर वाळलेल्या रक्तासारखा काळपट झाला होता. त्या बराच वेळ वाकून होत्या. "श्री नाही हो," त्या हळू म्हणाल्या. "साल आहे. होतं."

देवकाबाईनं आपलं उजवं मधलं बोट दुसऱ्या हातात घट्ट धरलं. जणू त्यानं काही चोरलं होतं आणि ते आता पळून जाणार होतं.

विनोदिनीबाईंनी मला ओळखायला घेतलं. लाकडी फळ्या पाहिल्या, उजेडासमोर पान धरून कागदातल्या जाळीच्या रेघा पाहिल्या, प्रत्येक पानाच्या तळाला पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलाय तो पाहिला. त्यांना जर्मन येत नव्हती, पण गावाचं नाव लावता आलं, न्युर्नबर्ग. "वर्षभराच्या रविवारची प्रवचनं आणि प्रार्थना, असं फोनवरचे लोक म्हणतात ते बरोबर वाटतंय. अडीचशे वर्षांच्या वरची नक्की. पण अशी पोथी घरोघरी असायची. दर चार-पाच वर्षांनी पुन्हा छापायचे, वरवर पाहता अक्षरन् अक्षर तेच. बदलायचं फक्त साल."

"बाई, मले माही जलमतारीख माहीत नाई," देवकाबाई म्हणाली. "आधारवाल्यानं एक जानेवारी टाकून देल्ली. तसंच इचंही नाई जमत?"

विनोदिनीबाई हसल्या, पण डोळे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी फोनवर एक निरोप आला. बुधवार होता. तिकडच्या एका म्हातारीचा, उर्सुला नावाची, वय एक्क्याण्णव. तिचे आजोबा हॉफमन, कापसाच्या यंत्रासाठी हैदराबाद संस्थानात गेले होते. लढाईत कैद झाले, बऱ्याच वर्षांनी रिकाम्या हातांनी परतले. घरातल्या भिंतीत पोथीचा कोनाडा आहे, तो तेव्हापासून रिकामा आहे.

हर्षालीनं वाचून दाखवलं तशी देवकाबाई उभीच राहिली. "आलं! देवानंद, आलं पाय त्याचं कोनी!"

"पुढं ऐका, आत्याबाई," हर्षाली म्हणाली. म्हातारीनं लिहिलं होतं, हॉफमन नावाची माणसं तिकडे ढिगानं आहेत, आपल्याकडच्या पाटलांसारखी. मागे एका व्यापाऱ्यानं भलतीच पोथी दाखवून तिला फसवलं होतं. तिच्याजवळ आजोबांच्या आईची एक चिठ्ठी आहे, त्यात पोथीचं साल लिहिलंय. ते ती सांगणार नाही. तुम्ही सांगा, मी ताडून पाहीन. माझं मन आता दुसऱ्यांदा फसायला तयार नाही.

शनिवारला तीन दिवस होते.

पाणी लावू नका, विनोदिनीबाईंनी बजावलं होतं. हर्षालीनं मऊ कुंचल्यानं झटकलं, खिडकीत धरलं, फोनवर रंग बदलून पाहिले. लालच्या खाली लाल. गुरुवारी दुपारी ती रडवेली झाली. "आत्याबाई, समोरून काही दिसत नाही."

"मंग मांगून पाहू," देवकाबाई म्हणाली.

"मागे कोरं आहे."

"डोयाले कोरं हाय."

तिनं हात धुतले, पुसले, सुकवले. पान अलगद उलटलं. एका ताटात तांदळाचं पीठ पसरायला लावलं. आणि डोळे मिटून डाव्या हाताचं बोट माझ्या पाठीवर ठेवलं. उजवं नाही, कुंकवाचं नाही. छापणाऱ्यानं दांडा ओढला होता तेव्हा उठलेले वळ अजून होते, खसखशीएवढे. तिचं बोट मुंगीसारखं चालत होतं, आणि उजवा हात ताटातल्या पिठात तसंच ओढत होता, रांगोळी काढावी तसं.

हर्षालीनं ताटाचा फोटो घेतला आणि फोनमधे आरशासारखा पालटला. "एक," ती कुजबुजली. "सात. आत्याबाई, चार! सतराशे चाळीस आणि काहीतरी. शेवटचा?"

बोट शेवटच्या जागी आलं. तिथं थांबलं. पुढं गेलं, मागं आलं. सांग गं, मलाही कळू दे! बोट तिथंच घुटमळत राहिलं, आणि मला कळलं. तिथं वळ नव्हताच. तिथं कागद कापसासारखा पिंजला गेला होता, पातळ, भुसभुशीत. बोट टेकवायची जागा नेमकी तीच होती. साठ वर्षं, तेच नख.

"इथं काई नाई," देवकाबाई म्हणाली.

देवानंद दारात उभा राहून बघत होता. तोही शेवटी याच घरचा. तोही पुढं येऊन ताटावर वाकला. "कोनताही टाक," तो म्हणाला. "धाच तं आकडे हायेत. लागला तं लागला."

"अमानतीत अंदाज नसते चालत."

"आई, नाई तं शनिवारी पान्यात जाईन ते!"

"मंग तुहा आजा सांगून गेला असता, खोटं बोलून दे म्हनून. सांगतलं का? हर्षाली, लिही. एक, सात, चार. चवथा आमच्या हातानं गेला. माह्या हातानं, असं लिही. पूजा करता करता गेला."

हर्षालीनं तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं. लहानसंच. तिच्या चिठ्ठीतलं सालही एक-सात-चारनंच सुरू होतं. पण त्या दहा वर्षांत ही पोथी तीनदा छापली गेली. शेवटच्या आकड्याशिवाय तिला हो म्हणता येत नाही, आणि नाही म्हणायला जीव धजत नाही. तिनं विचार करायला वेळ मागितला होता. एक्क्याण्णव वर्षांची बाई वेळ मागते तेव्हा काय बोलावं?

शनिवारी देवानंदनं आंघोळ केली, नवं लाल फडकं आणलं, नारळ आणला. त्याच्या डोळ्यात पाणी होतं हे मी पाहिलंय, म्हणून त्याला वाईट म्हणू नका. पुन्हा तोंड वाकडं होईल, दुकानाच्या गल्ल्यावर लाळ गळेल, लोक बघतील, या भीतीनं तो रोज आरशात गाल ओढून पाहतो.

देवकाबाई देवघरासमोर बसली होती. मी तिच्या मांडीवर. तिनं माझ्यावरचं फडकं सोडलं, घडी केली, बाजूला ठेवली. अक्षता झटकल्या. वाळकं फूल काढलं.

"हे काय करून राह्यली?"

"देवपन काढून राह्यली. पान्यात पोथी सोडतात बाबू, देव सोडतात. अमानत सोडत नसतात. आमी तिले देव केलं, तितंच चुकलं. आजपासून इची पूजा नाई."

"महाराजानं..."

"महाराजाले सांग, घरात परक्याचं काई पुजत नाई. ठेवलं हाय नुस्तं."

त्याच्या हातातला नारळ तसाच राहिला. तो दुकानात निघून गेला. देवकाबाईनं मला कोऱ्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यात बांधलं, सुलटं, आणि लोखंडी कपाटात ठेवलं. किल्ली कमरेला.

आता इथं अंधार आहे. डांबराच्या गोळ्यांचा वास आहे. एका अंगाला रेशनकार्ड, दुसऱ्या अंगाला शेताचे कागद. देव होते तेव्हा वर्षातून एकदा तरी मला उघडायचे, आता उघडायला कारण उरलं नाही. तिकडच्या म्हातारीचा पुन्हा निरोप नाही. हर्षालीनं दोनदा विचारलं, तिकडून वाचल्याची खूण नाही.

तुम्ही जे कोणी ऐकत असाल, तुमच्याही घरात न वाचता येणारं एखादं जुनं पुस्तक लाल कपड्यात असेल. त्याला हात जोडा हवं तर, पण बोट लावू नका. आधी ते सुलटं आहे का बघा. कोणाचं आहे ते विचारा, विचारायला माणूस आहे तोवर. आणि न्युर्नबर्गात सतराशे चाळीसनंतर छापलेली, माझ्यासारखीच, पण साल शाबूत असलेली दुसरी कुठं तुमच्या पाहण्यात आली, तर तिची एखादी ओळ, एखादी चूक, कागदाची एखादी खूण माझ्याशी लावून बघा. कागदात, शिवणीत, कुठंतरी मी अजून माझं साल धरून असेन. मला वाचता येत नाही. तुम्हाला येतं.

लवकर करा एवढंच. देवकाबाईला चार दिवसांपासून ताप आहे, कमरेची किल्ली आता उशाखाली आहे. काल कपाटाच्या फटीतून दिसलं, देवानंद आईच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होता, आणि मधेमधे कपाटाकडे बघत होता. येत्या सोमवारी पुन्हा अमावस्या आहे.